पाचवा कागद

मलिद्यासाठी बिबिजाननं सकाळी लवकर उठून जाड पोळ्या भाजून ठेवल्या होत्या. राजुरीहून सयाजीनं आणलेली गुळाची ढेप शेजारीच फडक्यात बांधलेली होती. पण पोळ्या कुस्करायला तिचा हात धजत नव्हता. नियाज, म्हणजे अल्लाच्या नावानं वाटायचा प्रसाद, शुकराची, आभाराची करायची होती, आणि शुकर करायचा की नाही ते अजून टपालातून यायचं होतं.

"अम्मा, कुस्करू का?" थोरल्या सुनेनं, नजमुन्निसानं, तिसऱ्यांदा विचारलं.

"थांब गं. सोपान येऊन जाऊ दे."

सोपान म्हणजे टपालवाला. एरवी तो जुन्नरच्या कागद्यांच्या, म्हणजे हातानं कागद करणाऱ्यांच्या, आळीत आला काय नि गेला काय, कुणी मान वर करून बघत नसे. आज मात्र नजमुन्निसा दोनदा दारात डोकावून आली होती, मुंबईहून आलेला धाकटा सत्तार चौकापर्यंत चक्कर मारून आला होता. बिबिजान तेवढी चुलीपुढून हलली नव्हती.

सत्तावन्न सालच्या नोव्हेंबरची बारा तारीख होती. पाच वर्षांपूर्वी याच तारखेला मुंबईच्या दवाखान्यात तिच्या नवऱ्याचं, कासमचं, डावं फुप्फुस आतल्या कॅन्सरच्या गाठीसकट काढलं होतं. घरी निघताना डॉक्टरांनी एकच गोष्ट मागितली होती. दर वर्षी या तारखेला पत्र टाका, 'जिवंत आहे' एवढे दोन शब्द लिहिलेत तरी पुरे. पाच पत्रं आली की मी म्हणेन, जमलं.

आता कागद्याच्या घरचं पत्र पोस्टाच्या कार्डावर कसं जाणार? कासमनं रीतच पाडली. ऑपरेशननंतर त्यानं हौदातल्या लगद्यातून कागद काढायचं काम अमजदवर, थोरल्यावर, सोपवलं होतं. पण वर्षातल्या या एका दिवशी तो स्वतः हौदावर उभा राहायचा आणि एकच ताव काढायचा. तो भिंतीवर सुकला, दगडानं घोटून गुळगुळीत झाला, की त्यावर पत्र लिहून मुंबईला रवाना. असे चार गेले होते.

नेमकी पाचव्याला माशी शिंकली. महिनाभर कासमला खोकला होता. विडी तर पाच वर्षांपूर्वीच सुटलेली. कोरडा, ठसका लावणारा, पहिल्या वेळी आला होता अगदी तसाच हा खोकला. पंधरा दिवसांपूर्वी अमजदनं बापाला मुंबईला नेऊन छातीचा फोटो काढून आणला. उरलेल्या फुप्फुसात काहीतरी डाग दिसत होता. डॉक्टर म्हणाले, जुन्या फोटोंशी ताडून बघतो आणि बारा तारखेच्या आत कळवतो.

आणि बारा तारीख उजाडून ऊन अंगणभर आलं होतं.

अंगणात बाजेवर कासम बसला होता. डावा खांदा उतरलेला, डोक्यावर पांढरी टोपी, समोर सयाजी. हा राजुरीचा शेतकरी गडी गेली तीस वर्षं कासमचा जिवाभावाचा मैतर. जुन्या वह्या, चिंध्या, रद्दी विकायला म्हणून आला आणि घरचाच होऊन गेला.

"कासमभाई, अमजद छापरी घेऊन कवाचा हुबा हाय. काढा की ताव, मोकळं व्हा," सयाजी म्हणाला.

"काढून लिहू काय सयाजीराव? जिवंत हाय म्हणून? आन् त्यांचं पत्र आलं की, बाबा, तुझं संपलं, तर? खोटं जाईल की माझ्या कागदावरनं. आधी त्यांचं येऊ दे, मग आपलं जाऊ दे."

हौदाच्या खोलीत अमजद खरोखरच छापरी घेऊन उभा होता. छापरी म्हणजे गवताच्या बारीक काड्यांची चाळण. ती हौदातल्या लगद्यात बुडवून अलगद वर उचलली की पाणी खाली झिरपतं आणि वर कागदाचा ओला थर राहतो. त्या ओल्या थराला बोट लावायचं नाही, हा या घरातला पहिला कायदा. चौदा वर्षांची बिबिजान लग्न होऊन या घरात आली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं गंमत म्हणून भिंतीवरच्या ओल्या तावाला बोट टेकवलं होतं. सासऱ्यानं तो ताव तिच्यासमोर उजेडात धरला. बोटाची जागा विरळ होऊन चकाकत होती. "सुने, ह्यो आता कागद राह्यला न्हाई. ओल्यावरचा डाग मरेपर्यंत जात न्हाई," तो म्हणाला होता. ओरडला नव्हता, म्हणून जास्त लागलं. चाळीस वर्षांत तिनं हजारो वाळके ताव घोटले, पण ओल्याला पुन्हा बोट लावलं नाही.

"भाईजान, एक विचारू?" सत्तारचा आवाज हौदाकडून आला आणि बिबिजानचे कान तिकडे लागले. दोघे भाऊ एका खोलीत आले की तिचं हे असंच. पाच वर्षांत ते एका ताटात जेवले नव्हते. "महिनाभर अब्बांना खोकला. मी मुंबईत एका दवाखान्यात कंपाउंडर. आन् मला दोन ओळी कुणी लिवल्या न्हाईत?"

अमजद छापरी खाली ठेवून कडेचं पाणी पुसत राहिला.

"मी इचारतोय काहीतरी."

"त्याला काय इचारतोस? मला इचार." बिबिजान उठली. चुलीपासून खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली. "मीच म्हणलं त्याला, सत्तारला कळवू नगंस."

"का अम्मा?"

"तुझी सही व्हती आपरेशनच्या फारमावर. उद्या दुखणं उलटलं तर आळीतलं समदं गाव म्हणंल, धाकट्यानं सही केली नि बाप घालवला. तुझ्या आधी माझ्या कानावर यावं, येवढंच वाटलं."

पाच वर्षं सत्तारची समजूत होती की आई थोरल्याच्या बाजूला आहे. तशी ती होतीही. आणि आता ती त्याच्यासाठी गावाशी भांडायची तयारी करून बसली होती, तेही त्याला न सांगता.

"आनि भाईजान मुंबईला गेला, त्या डॉक्टरांकडं? त्यांचं तोंड बघणार न्हाई म्हणून शपथ घेतली व्हती त्यानं."

"मी पाठवलं," बिबिजान म्हणाली. "शपथ मोडली तर मोडू दे. गुन्हा माझ्या नावावर."

त्या शपथेची गोष्ट घरात कुणी काढत नसे, पण विसरलंही कुणी नव्हतं.

बावन्न साली मुंबईच्या त्या दवाखान्यात छाती उघडणारे दोन डॉक्टर होते. दोघंही नावाजलेले. पहिल्यांचा हात असा की तासाभरात फुप्फुस बाहेर. वॉर्डातले लोक त्यांचं नाव घेताना आदरानं कानाला हात लावत. दुसरे विलायतेहून आलेले, चार चार तास लावणारे. अमजदनं व्हरांड्यातच निकाल देऊन टाकला होता.

"हात चलाख तो कारागीर. आपल्यात दिवसाला तीनशे ताव काढतो त्याला उस्ताद म्हनत्यात, शंभर काढणाऱ्याला शिकाऊ. ह्यो दुसरा शिकाऊ हाय. धिमा डॉक्टर!" तेव्हापासून घरात त्यांचं नाव धिमे डॉक्टर असंच पडलं.

सोबतीला आलेल्या सयाजीनं मान डोलावली होती. "बैल लई येळ आडवा ठिवला तर उठत न्हाई, वहिनी. माणसाचं तेच."

बिबिजानलाही तेच पटलं होतं. इतका वेळ औषधानं गुंगवून ठेवायचं, आधीच हाडं उरलेला माणूस. ती थोरल्याच्या बाजूला उभी राहिली. एकटा सत्तार धिम्या डॉक्टरांचं नाव धरून बसला होता, आणि कासमला मत आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तो म्हणाला, "मला चिरणार हायेत ना? मग मला भेटू तर द्या."

धिम्या डॉक्टरांनी एक कागद ओढून त्यावर चित्र काढलं. कासमनं आधी तो कागद दोन बोटांत चोळून पाहिला.

"गिरणीचा," तो नाक मुरडून म्हणाला.

डॉक्टर हसले. मग पेन्सिलीनं दाखवू लागले. "हृदयाकडून रक्त या मोठ्या नळीतून फुप्फुसात येतं. या दुसऱ्या नळ्यांतून परत हृदयाकडे जातं. गाठ इथं आहे. ती ठिसूळ असते, कासमभाई. आम्ही फुप्फुस ओढतो, सोडवतो, तेव्हा तिचे कण सुटतात. परतीच्या नळ्या उघड्या असल्या तर कण हृदयात जातात आणि तिथून अंगभर. ऑपरेशन छान होतं, माणूस चालत घरी जातो, आणि वर्षानं दुखणं मेंदूत नाहीतर हाडात उगवतं. बहुतेक जण येणारी नळी आधी बांधतात. त्यात रक्त तुंबत नाही, काम सोपं जातं. मी परतीच्या नळ्या आधी बांधतो. गाठीला हात लावायच्या आधी. तिथवर काही न हलवता पोचायचं म्हणून मला वेळ लागतो."

कासमनं चित्रातल्या नळ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हंजे चादरीचं खालचं तोंड आधी."

"कसली चादर?"

"लगदा चुन्यात मुरवतो आमी. मग चादरीत घालून नदीत न्यायचा, हलवून हलवून धुवायचा. चुना जातो, लगदा राहतो. नवं माणूस हरबार एकच चूक करतं, डाक्टरसाब. पाण्यात उतरलं की आधी हलवायला लागतं. खालच्या अंगाचं तोंड बांधायचं मागनं सुचतं. तवर निम्मा लगदा पाण्याबरोबर खाली येडगावच्या वाटंला लागलेला असतो." तो मागे वळला. "अमजद, तुला किती येळा मारलंय मी त्याच्यावरनं?"

अमजद खाली मान घालून म्हणाला, "दोनदा."

"आधी खालचं तोंड बांधायचं, मग हात लावायचा. ह्यो माणूस शिकाऊ न्हाई. ह्यानंच मला चिरायचं."

"पण ह्यानं माणूस वाचतोच, ह्याची खात्री हाय का?" अमजदनं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "विलायतेत थोड्या जणांना असं वाटतं. मलाही वाटतं. खरं की खोटं ते कळायला वर्षं जातील. म्हणून तर मी पत्रं मागतो."

खोटं बोलले असते तर कदाचित अमजद वळला असता. अंदाजावर बाप देणार नाही म्हणून तो खोलीतून निघून गेला, आणि तुमचं तोंड पुन्हा बघणार नाही म्हणून व्हरांड्यात शपथ घेतली. मग कारकुनानं फॉर्म बिबिजानपुढे ठेवला, शाईची डबी उघडली. घरच्या माणसाची संमती लागते, अंगठा द्या. कासम तिच्याकडे बघत होता.

तिनं मूठ मिटली. "मी न्हाई देणार," ती म्हणाली.

सत्तारनं पुढे होऊन सही केली.

साडेचार तास ती बाकावर बसून होती आणि मूठ उघडली नव्हती. डॉक्टर बाहेर आले तेव्हा तळव्यात नखांचे चार चंद्र उमटले होते. त्या दिवसानंतर कासमनं त्या मुठीबद्दल एक चकार शब्द काढला नाही. काढला असता तर भांडता आलं असतं, रडता आलं असतं. तो बोललाच नाही, आणि ते न बोलणं बिबिजान पाच वर्षं उशाशी घेऊन झोपत होती. नवऱ्यानं जीव वाचवायला हात मागितला आणि आपण दिला नाही. आता दुखणं उलटलं असेल तर तो हात द्यायला पुन्हा संधी मिळायची नाही.

"भाईजान," सत्तारचा आवाज आता खाली आला होता. "काय म्हणाले डॉक्टर? तुमाला बघून?"

अमजदनं पहिल्यांदा मान वर केली. "वळखलं मला. अब्बा कपडे घालत व्हते तवर मला खोलीत बोलावलं. कपाटातनं एक जाडी फाईल काढली. समदी पोस्टकार्डं, आन् मधी आपले चार ताव. लांबनं वळखू येत व्हते. मग खालच्या खणात दुसरा गठ्ठा दाखवला. ज्यांची पत्रं यायची थांबली, त्यांचा." त्यानं हातातलं फडकं ओलं केलं. "तो गठ्ठा जाडा व्हता, सत्तार."

सत्तार उंबऱ्यावर टेकला.

"मी म्हणलं, डाक्टरसाब, त्या दिवशी बाहेर हुबा राहून मी तुमाला लई शिव्या दिल्या. म्हणाले, ऐकू आल्या होत्या. तुम्ही बाप मागत होतात, मी वेळ मागत होतो, दोघंही एकाच माणसासाठी." अमजदनं फडकं पिळलं, जरा जास्तच जोरात. "आनि व्हरांड्यात ते दुसरे डॉक्टर भेटले. चलाख हाताचे. त्यांच्या कंपाउंडरला इचारलं मी. म्हणाला, दोन वर्षांपासनं ते पण परतीच्या नळ्या आधी बांधतात."

"खरं?"

"तरी पन दीड तासात उरकतात."

सत्तारला हसू फुटलं. आवरायचा प्रयत्न केला, जमला नाही. "म्हंजे तुमचा उस्ताद पन बरोबर, माझा पन बरोबर!"

"अन् माझा बैल?" अंगणातून सयाजी ओरडला.

"तुमचा बैल तेवढा चुकला, काका!"

अमजदही हसला. बिबिजाननं दोघांना असं एकत्र हसताना कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. तिला वाटलं, आता पत्र कसंही येवो, हे तरी मिळालं. आणि लगेच तिला स्वतःचा राग आला. कसंही कसं? चांगलंच यायला हवं.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली.

"कासमभाई! मुंबईचं हाय!" सोपान दारातूनच म्हणाला. पत्र त्यानं कुणाच्याच हातात दिलं नाही, कारण घेणारा एकही हात पुढे येईना. कासम बाजेवर, सत्तार उंबऱ्यात, अमजद हौदाशी, सगळे जागच्या जागी. शेवटी नजमुन्निसा पदर खोचत आली. चार यत्ता शिकलेली तीच या घराची पत्रं वाचायची.

"दे हिकडं. तू बी बस सोपानभाऊ, मलिदा खाऊन जा." मलिदा होणार हे ती अशी म्हणाली की जणू पाकीट फोडण्याआधीच तिनं आतलं वाचलं होतं. बिबिजाननं त्या क्षणी सुनेला मनातल्या मनात शंभर दुवा दिल्या.

नजमुन्निसा उभ्यानं वाचू लागली.

"श्री. कासमभाई यांस नमस्कार. फोटो पाहिला. उशीर झाला त्याची माफी असावी. तुमचे बावन्न सालचे चारही फोटो शोधून शेजारी शेजारी लावून पाहायचे होते. उजव्या फुप्फुसात जो डाग दिसतो, तो चारही फोटोंत आहे. तिथेच, तेवढाच. जुन्या कधीतरीच्या आजाराचा तो व्रण आहे. गाठ नाही."

तिनं पत्र उजेडाकडे वळवलं आणि पुढे वाचलं.

"खोकला चुन्याच्या धुळीचा आहे, अशी माझी खात्री आहे. तुम्ही हौदावर जात नाही म्हणालात, पण चुना भिजवताना पाहायला जाऊन बसता, हे तुमच्या मुलानं मला सांगितलं. जाऊ नका. वर्षातून एक ताव काढायची परवानगी आहे, तोही नाकातोंडाला फडकं बांधून."

"चुगलखोर," कासम अमजदकडे बघून म्हणाला.

"पुढं हाय अब्बा. 'तुम्ही जातेवेळी विचारलं होतं, की खालचं तोंड आधी बांधल्यामुळेच तुम्ही वाचलात का. मी याच पद्धतीनं बावीस जणांवर शस्त्रक्रिया केली. नऊ जणांची पत्रं येतात. आधी उलट्या क्रमानं करत होतो, तेव्हा इतकी येत नव्हती. पण माणसं निराळी, गाठी निराळ्या, वेळेवर येणारे निराळे. त्यामुळे शपथेवर सांगता येत नाही. अजून काही वर्षं मोजावं लागेल. तुमच्यापुरतं एवढंच सांगतो की पाच वर्षं झाली आणि मी आज म्हणतो, जमलं. तुमच्या चादरीची गोष्ट मी शिकणाऱ्या पोरांना सांगतो. चित्रापेक्षा ती त्यांना लवकर कळते. पाचव्या कागदाची वाट पाहतो. सहाव्याचीही.'"

सोपाननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सयाजी ढसाढसा रडत होता आणि "डोळ्यात चुना गेला" म्हणत होता, चुना पार खोलीपलीकडे असूनसुद्धा. अमजद सत्तारपाशी गेला आणि त्याच्या पाठीवर एक थाप मारली, लहानपणी मारायचा तशीच, जरा लागेल अशी. "तुझी सही," एवढंच म्हणाला. सत्तारनं मान हलवली.

बिबिजान भिंतीला टेकून उभी होती. या अल्ला, तुझा शुकर. तिनं ते एकदाच म्हटलं, पण पायाच्या नखापासून म्हटलं. त्या दूरच्या माणसाबद्दल, ज्यानं घाई केली नाही, ज्याला पाच वर्षांनीसुद्धा फुशारकी मारता येत नव्हती, तिच्या मनात इतकी माया दाटली की तो समोर असता तर तिनं त्याची दृष्ट काढली असती. आणि खालच्या खणातल्या त्या लोकांच्या बायकाही तिला आठवल्या. त्यांची मूठ नव्हती का मिटली? कदाचित त्यांनी अंगठा दिलाही असेल, तरी पत्र थांबलंच. आपल्याला मिळालं ते आपल्या पुण्यानं नाही, हे तिला लख्ख कळलं.

"चला," कासम बाजेवरून उठला. "फडकं आण गं नजमा. हुकूम हाय."

नाकातोंडाला फडकं बांधून तो हौदावर उभा राहिला. डावा हात छापरीचं ओझं पेलत नसे. दर वर्षी त्या बाजूला अमजद हात द्यायचा. आज अमजद बाजूला झाला आणि म्हणाला, "सत्तार, तू धर." सत्तारनं बाही वर केली. कासमनं छापरी पाण्यात घातली, लगदा सारखा पसरेपर्यंत दोनदा झुलवली आणि उचलली. पाणी सरसर खाली गेलं. त्याला दम लागला होता. एका फुप्फुसाचा माणूस, किती श्वास ओढणार. पण हात हलला नाही. ओला ताव त्यानं फळीवरच्या कापडावर अलगद उतरवला, दुधावरची साय ठेवावी तसा.

"बिबी, हिकडं ये."

ती जवळ गेली.

"अंगठा लाव."

"कशाला?"

"कागदाला."

"ओल्या?" तिला वाटलं त्याला भ्रम झाला. "अवं, अब्बाजींनी काय सांगितलं व्हतं? ओल्यावरचा डाग मरेपर्यंत जात न्हाई."

"म्हणूनच म्हणतो."

पाच वर्षं जे बोललं गेलं नव्हतं ते आता सगळ्यांसमोर उभं होतं. बिबिजानचे डोळे भरून आले. "त्या दिवशी मी दिला न्हाई," ती म्हणाली. "तुमी बघत व्हता अन् मी मूठ मिटली. मला वाटलं, मी हात दिला अन् तुमी गेलात तर ह्याच हातानं मी घास कसा खाऊ? मला माफ करा."

कासमनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"तवाचा कागद गिरणीचा व्हता," तो म्हणाला. "त्याच्यावर काय अंगठा द्यायचा? ह्यो आपला हाय. आन् साडेचार तास बाकावरनं हलली न्हाईस, पाणी पन प्यायली न्हाईस, सत्तारनं समदं सांगितलंय मला. मी बोललो न्हाई, ती माझी चूक. मला वाटलं, बोललो तर तुला लागंल."

तिनं पदरानं हात पुसला. चाळीस वर्षांनी तिनं ओल्या तावाला बोट टेकवलं. गार, मऊ लगदा अंगठ्याखाली दबला. तिनं दाबून धरला, चांगला दोन श्वास, आणि उचलला.

दुपारपर्यंत ताव भिंतीवर खडखडीत वाळला. घोटायला बिबिजान स्वतः बसली. सगळा ताव गुळगुळीत केला, अंगठ्याची जागा तेवढी सोडून. नजमुन्निसानं वळणदार अक्षरात लिहिलं: 'कासम कागदी, जुन्नर. जिवंत आहे.' खाली कासमनं सही केली. घडी घालण्याआधी अमजदनं ताव दारातल्या उजेडासमोर धरला. अक्षरांच्या शेजारी अंगठा उजळून दिसत होता, रेघ न् रेघ.

"डाक्टरसाब इचारतील, ह्यो डाग कसला," सयाजी म्हणाला.

"लिही गं नजमा," कासम म्हणाला. "लिही, घरच्या माणसाची संमती."

बिबिजान आत गेली. गुळाची ढेप तिनं फडक्यातून सोडली, पोळ्या परातीत घेतल्या, आणि दोन्ही हातांनी मलिदा कुस्करायला बसली.